जमा आणि नावे

मराठी माणसाला मे महिन्यात दोन गोष्टी हमखास होतात. एक घामोळं आणि दुसरी सहल. घामोळ्यावर पावडर निघाली आहे. सहलीवर अजून औषध सापडलेलं नाही. वर्षभर जो गृहस्थ दुसऱ्या मजल्यावर जायला लिफ्टची वाट बघत उभा असतो, तोच मे महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी डोक्याला रुमाल बांधून अडीच हजार फूट चढायला तयार होतो. 'वर गार असतं हो' हे त्याचं समर्थन. वर गार असतं हे खरं. पण वर जाईपर्यंत माणूस इतका तापलेला असतो की त्याला वर आणि खाली यांतला फरक कळायला संध्याकाळ व्हावी लागते, आणि संध्याकाळी परतीची गाडी असते.

ही कल्पना प्रथम कुणाच्या डोक्यात आली असेल, असा प्रश्न मला कर्जत स्टेशनवर वडा खाताना नेहमी पडतो. (कर्जतला दुसरा कुठला प्रश्न पडण्याइतका वेळ गाडी थांबत नाही.) आता मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. इतिहासाशी माझा संबंध सनावळ्या पाठ करण्यापुरता, आणि तोही परीक्षेच्या आदल्या रात्रीपर्यंत. पण बँकेच्या काउंटरमागं वीस वर्षं काढली की माणसाला एक खोड लागते. समोर काहीही आलं, की हे जमेला टाकायचं की नावे टाकायचं, एवढंच तो बघतो. लग्नाची पत्रिका आली तरी आधी नावे बाजू दिसते. तेव्हा मी काही इतिहास सांगत नाही. एका डोंगराचं खातं तेवढं तपासतो.

तर उन्हाळ्यात डोंगर चढण्याची आमच्या भागातली पहिली गाजलेली नोंद मे १८५० ची आहे. खातेदाराचं नाव ह्यू पॉइन्ट्झ मॅलेट, हुद्दा ठाण्याचा कलेक्टर. साहेबाचा तंबू पडला होता चौकला. चौक म्हणजे आजच्या खालापूर तालुक्यातलं, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचं गाव. बोरघाटातून बग्ग्या जाऊ शकतील असा रस्ता १८३० सालीच झाला होता. आगगाडी मात्र अजून तीन वर्षं लांब होती. म्हणजे साहेब मे महिन्यात, पंख्याशिवाय, बर्फाशिवाय, कोकणच्या तळाशी तंबूत बसलेला. कापडी तंबूत मे महिन्यात बसणं म्हणजे काय, हे ज्यानं मांडवात लग्न लावलं आहे त्याला समजावून सांगायला नको. अशा वेळी माणसानं तंबूबाहेर येऊन वर बघितलं, आणि वर हिरवागार माथा दिसला, तर तो चढणारच. शोध लावण्यासाठी फार विद्वत्ता लागत नाही. भरपूर उकाडा लागतो.

साहेब चढला. हल्ली ज्याला वन ट्री हिल म्हणतात त्याच्या बाजूच्या घळीनं वर गेला, वरचं रान बघून खूश झाला आणि रामबागेच्या बाजूनं खाली उतरला. झालं. एका दिवसाची सहल. आपण अशा सहली दर वर्षी करतो, पण आपल्याला कुणी शोधक म्हणत नाही. घरी आल्यावर 'आधी पाय धुवा' एवढंच म्हणतात. मॅलेट मात्र माथेरानचा शोधक ठरला.

त्या माथ्यावर तेव्हा कुणी नव्हतं असं नाही. धनगर होते, ठाकर होते, कातकरी होते. माथ्यावरचं रान म्हणून माथेरान, अशी त्या नावाची फोड सर्वसाधारणपणे करतात. आणि हे नाव काही साहेबानं विलायतेहून आणलेलं नव्हतं. ज्या जागेला आधीच नाव आहे, जिथं पाण्याच्या जागा माणसांना ठाऊक आहेत, जिथं पिसरनाथाला लोक हात जोडतात, ती जागा 'सापडली' कशी? आमच्या बँकेत अशी एक पद्धत आहे. खातं वर्षानुवर्षं असतं, त्यात पैसेही असतात. पण एके दिवशी मोठा साहेब तपासणीला येतो, त्या पानावर सही करतो, आणि अहवालात लिहिलं जातं की अमुक साहेबांच्या निदर्शनास हे खातं आले. त्या दिवसापासून खातं साहेबाचं.

शिवाय साहेबाला वाट दाखवली कुणी? कलेक्टर डोंगरावर एकटा भटकतो असं कंपनी सरकारच्या काळातच काय, त्यानंतरही कुठं झालेलं नाही. पुढं कुणीतरी कोयत्यानं काट्या बाजूला सारत गेला असणार, मागून कुणीतरी पाणी आणलं असणार. माथेरानच्या पाट्या मी आजवर झाडून वाचल्या आहेत. त्यांतल्या एकीवरही त्या माणसाचं नाव मला मिळालेलं नाही.

वाटाड्याला न विचारता डोंगरात शिरलं की काय होतं, याचा याच तालुक्यातला नमुना त्याच्या बराच आधीचा आहे. २ फेब्रुवारी १६६१ ला शाहिस्तेखानाचा सरदार कारतलबखान मोठी फौज घेऊन लोणावळ्याकडून कुरवंड्याच्या घाटानं खाली कोकणात उतरला. तीही एका अर्थी ग्रुप सहलच. माणसं बेसुमार, सामान त्याहून जास्त, आणि पुढं काय आहे याची चौकशी शून्य. खाली चावणीजवळ उंबरखिंडीत दोन्ही बाजूंना दाट झाडी, मधे चिंचोळी वाट. शिवाजी महाराजांची माणसं झाडीत आधीच येऊन बसलेली. त्यांना रान पाठ होतं, खानाला नव्हतं. पुढं जाता येईना, मागं फिरता येईना. फौजेत रायबागन नावाची माहूरची शूर सरदारीण होती. तिनं खानाला शरण जाण्याचा सल्ला दिला आणि खंडणी भरून, सामान टाकून खान परत गेला. मी तर म्हणतो, ग्रुप सहलीला अशी एक तरी समजूतदार बाई सोबत असावी. पुरुषमंडळी 'अजून थोडंसंच राहिलंय' म्हणत खिंडीतच राहिली असती.

आमच्या शाखेनं दोन वर्षांपूर्वी मॅलेटसाहेबाच्याच वाटेनं जायचं ठरवलं. चौदा माणसं. बरोबर शिधा इतका, की खालच्या लोकांना वाटावं ही मंडळी किल्ला लढवायला चालली आहेत. त्यात कर्जविभागातल्या एका गृहस्थांनी सहा किलोंचं कलिंगड घेतलं. 'वर गार हवेत कलिंगड खाण्यात जी मजा आहे ती कशात नाही,' हे त्यांचं मत. कर्जविभागाची ही रीतच आहे. मजा एकाची आणि वजन सगळ्यांवर. अर्ध्या तासात त्या कलिंगडाचे हप्ते पडले. प्रत्येकानं पाच-पाच मिनिटं धरायचं. माझ्या वाट्याचा हप्ता मी वेळेवर भरला. हेडकॅशियरनी मात्र एक हप्ता थकवला आणि 'गुडघा' असं कारण दाखवलं.

सोबत खालच्या वाडीतला एक ठाकर तरुण वाटाड्या म्हणून घेतला होता. पायात साधी रबरी चप्पल. आमच्यापैकी निम्म्यांच्या पायांत हजारो रुपयांचे बूट, आणि त्या बुटांना त्या चपलेच्या मागं राहण्यापलीकडं काही जमत नव्हतं. वन ट्री हिलच्या अलीकडं जो उभा तुकडा आहे, ज्याला शिवाजीची शिडी म्हणतात, तिथं पोचल्यावर कलिंगडाचा हप्ता भरायला कुणीच तयार होईना. खातं बुडीत निघालं. तेव्हा त्या पोरानं काही न बोलता टॉवेलाची चुंबळ केली, कलिंगड डोक्यावर ठेवलं आणि चालू लागला. मधेच थांबून त्यानं आमच्यातल्या दोघींना हात दिला, एका झऱ्याची जागा दाखवली आणि जाळीतली करवंदं काढून पानात भरून दिली. आणि हे सगळं करताना तो एकदाही 'अजून थोडंसंच राहिलंय' असं म्हणाला नाही. साहेबांच्या बाजूला अजून दीड तास आहे, असं त्यानं सरळ सांगितलं. बरोबर दीड तास लागला.

वर गेल्यावर कलिंगड कापलं. फोटो काढायची वेळ आली. आम्ही चौदाजण, मधे कलिंगड, मागं प्रबळगड आणि खाली सगळं खालापूर. फोटो फार छान आला आहे. शाखेत लावला आहे. त्यात वाटाड्या नाही. कारण फोटो त्यानंच काढला. आणि सहलीचा हिशेब आला तेव्हा हेडकॅशियरनी सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'वाटाड्या: रु. ५००'. त्याच्या वर लिहिलं होतं, 'कलिंगड: एक नग'.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मॅलेटसाहेबाच्या वेळीही असंच झालं असणार.

पुढची जमेची बाजू सगळ्यांना माहीत आहे. साहेब नोव्हेंबरात पुन्हा आला, राहिला, आणि लवकरच त्यानं वर घर बांधलं. त्या घराचं नाव 'बाइक'. ज्या गावात आजतागायत मोटारसायकलला मज्जाव आहे, तिथलं सायबी थाटाचं पहिलंवहिलं घर 'बाइक' असावं, हा विनोद मी केलेला नाही. इतिहासानं केलेला आहे आणि तो माझ्याहून जुना विनोदी लेखक आहे. १८५५ साली गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन येऊन गेले आणि त्यांच्यासाठी जागा मुक्रर झाली. गव्हर्नर आला म्हटल्यावर बाकीचे येणारच. शाखेत मॅनेजर ज्या हॉटेलात जेवतो, त्या हॉटेलाची चव सगळ्यांना अचानक कळते, तसंच हे.

मग डोंगराच्या टोकांना नावं पडली. लुइझा, हार्ट, अलेक्झांडर, पॅनोरमा, पॉर्क्युपाइन. पाण्याच्या तळ्याला शार्लट. मॅलेटच्या नावाचा झरा. मी पॉर्क्युपाइनबद्दल तक्रार करत नाही. साळिंदर निदान तिथलं राहणारं तरी होतं. पण वर राहणाऱ्या माणसांपैकी एकाचंही नाव एखाद्या टोकाला मिळू नये आणि साळिंदराला मिळावं, याला बँकेच्या भाषेत तफावत म्हणतात. गंमत म्हणजे डॉ. जे. वाय. स्मिथ नावाच्या साहेबानं १८७१ साली माथेरानवर पुस्तक लिहिलं, त्याच्या नावातच तिथली माणसं, वनस्पती आणि प्राणी असे तीन विभाग आहेत. निदान त्यात माणसांचा नंबर पहिला लागला.

सरकारी खातेपालटही बघण्यासारखा आहे. मॅलेटच्या वेळी हा मुलूख ठाणे जिल्ह्यात. पुढं तो कुलाबा जिल्ह्यात गेला. १ जानेवारी १९८१ ला कुलाब्याचं रायगड झालं. म्हणजे कर्जतची एखादी म्हातारी चूल न हलवता तीन जिल्ह्यांत राहून आली असं म्हणायला हरकत नाही. आमच्या बँकेत इतक्या बदल्या झाल्या असत्या तर युनियननं संप केला असता.

१८५६ साली आगगाडीचा रूळ कल्याणहून नेरळवरून पळसदरी-खोपोलीपर्यंत आला आणि माथेरानचा मुख्य दरवाजा चौकवरून नेरळला हलला. चौक मागं पडलं. नेरळहून वर मात्र पन्नास वर्षं घोडा, पालखी आणि माणूस हीच वाहनं. पालखी हे वाहन म्हणताना आपण एक बारीकशी गोष्ट विसरतो, की पालखीला इंजिन नसतं. चार इंजिनं असतात आणि त्या चौघांनाही गुडघे असतात. सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबानं सोळा लाख रुपये घालून नेरळ-माथेरान ही दोन फुटी रुळांची गाडी बांधली. त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी काम उभं केलं आणि १९०७ साली गाडी सुरू झाली. त्या काळातले सोळा लाख! एवढ्या रकमेचं कर्ज आजसुद्धा आमच्या शाखेत मागायला गेलं, तर तीन जामीन आणि आजोबांचा दाखला लागेल. या गाडीच्या वाटेवर एका स्टेशनचं नाव आहे वॉटर पाइप आणि एका बोगद्याचं नाव वन किस. बोगदा इतका आखूड, की त्याहून जास्त काही जमणार नाही, असा हिशेब. हिशेब करणारा नक्की अकाउंट्सचा माणूस असणार.

एवढ्यावर हे खातं बंद केलं असतं तर बरं होतं. निदान लेख हलकाफुलका राहिला असता. पण नावे बाजूला काही नोंदी अशा आहेत, की त्या ओलांडून पान उलटता येत नाही.

याच माथेरानात १ डिसेंबर १९१२ ला एका न्हाव्याच्या घरी मुलगा जन्मला. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल. साहेबलोकांच्या दाढ्या करणाऱ्या घरातला मुलगा वकील झाला. माथेरानच्या नगरपालिकेत गेला. कर्जत भागातल्या शेतकऱ्यांसाठी त्यानं धान्यकोठ्या काढल्या. पावसाळ्यात सावकाराकडं जायची पाळी येऊ नये म्हणून भाताची बँकच म्हणा ना. माझ्यासारख्याला हा माणूस तिथंच आपला वाटतो. मग १९४२ आलं. भाई कोतवालांनी आझाद दस्ता उभा केला. खोपोलीला १९१५ पासून आणि भिवपुरीला १९२२ पासून टाटांची वीज तयार होत होती आणि डोंगरातल्या मनोऱ्यांवरून ती मुंबईला जात होती. दस्त्याची माणसं रात्री डोंगर चढत आणि मनोरे पाडत. डोंगर चढण्यातला हाही एक ग्रुपच. त्यांच्यापाशी कलिंगड नव्हतं. कानशी नि करवती होत्या. त्यांना वाट दाखवली, भाकरी दिली ती वाड्यांतल्या माणसांनी, आणि दिल्याबद्दल त्या माणसांनी मारही खाल्ला. २ जानेवारी १९४३ ला पहाटे सिद्धगडाच्या रानात पोलिसांनी गाठलं. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील गोळीबारात पडले. कोतवालांना तिसावं वर्ष पुरं होऊन एक महिना झाला होता. आपण तिसाव्या वर्षी कायम नोकरीची ऑर्डर फ्रेम करून लावतो.

दुसरी नोंद अगदी अलीकडची आहे. चौकच्या वर इर्शाळगड आहे. मुंबई-पुण्याचे डोंगरवेडे त्यावर शनिवारी-रविवारी गर्दी करत. वाटेत इर्शाळवाडी लागे. ठाकरांची वस्ती. तिथं थांबायचं, पाणी प्यायचं, कुणाच्या तरी अंगणात सॅक टेकवायची, आणि 'वर वाट कुठली?' असं विचारायचं, हा शिरस्ता. १९ जुलै २०२३ च्या रात्री मुसळधार पावसात डोंगराचा भाग वाडीवर आला. २७ मृतदेह मिळाले. ५७ माणसं सापडली नाहीत, आणि चार दिवसांनी शोध थांबवण्यात आला. 'शोध' हाच शब्द. मॅलेटनं एका दिवसात लावला तो, आणि हा चार दिवसांत थांबला तो. ज्यांनी तिथं पाणी प्यायलं होतं त्यांच्या फोटोंत गड आहे, ढग आहेत, स्वतः आहेत. पाणी देणारीचं नाव किती जणांनी विचारलं असेल, हा हिशेब मांडायला मला धीर होत नाही.

आता तिसरी नोंद, जी खात्यात थोडी भर घालते. माथेरानला मोटारगाड्यांना बंदी. २००३ साली तो परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून सरकारनं जाहीर केला. फार उत्तम. पण मोटार नाही म्हणजे माणूस चालतो असं नव्हे. माणूस दुसऱ्या माणसाला ओढायला लावतो. लाल मातीच्या चढावर एकजण पुढं, दोघं मागं, आणि आत बसलेला म्हणतो, 'काय शुद्ध हवा आहे!' शुद्ध हवेचा खरा उपयोग पुढचा माणूस करत असतो. त्याला ती जास्त लागते. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयानं ई-रिक्षा चालवून बघायला परवानगी दिली, आणि २०२५ साली, हातरिक्षा ही माणुसकीला न शोभणारी प्रथा सहा महिन्यांत बंद करा, असं सांगितलं. मॅलेटच्या चढाईला तोवर पावणेदोनशे वर्षं झाली होती. सरकारी कामाला वेळ लागतो हे मला ठाऊक आहे, पण एवढा मोठा क्लिअरिंगचा चेक मी दुसरा पाहिलेला नाही.

बँकेत एक साधा नियम आहे. पैसे दिले की व्हाउचरवर घेणाऱ्याचं नाव लागतं. 'वाटाड्या', 'हमाल', 'बाई' असं लिहिलेलं व्हाउचर तपासनीस परत पाठवतो. कुणाला दिले ते लिहा म्हणतो. इतिहास लिहिणारांना हा तपासनीस भेटायला हवा होता. आपल्या भाषेची तर कमालच आहे. खर्चाच्या बाजूला आपण 'नावे' म्हणतो, आणि नेमकी तिथंच नावं नसतात.

आमच्या सहलीचं ते व्हाउचर तपासणीत तसंच परत आलं. हेडकॅशियर चडफडले, पण त्यांना वाडीत फोन करून त्या पोराचं नाव विचारावं लागलं. आता ते व्हाउचरवर आहे, आडनावासकट. मी इथं छापत नाही, कारण त्यानं मला तशी परवानगी दिलेली नाही. आणि तो म्हणाला, नाव राहू द्या, पुढच्या खेपेला कलिंगड तेवढं खालीच कापा.

ठराव एकमतानं मंजूर झाला आहे. एक मत विरुद्ध होतं, कर्जविभागाचं.